रेडिएटरचा नवा पाइप बसत नाही? आधी नळी मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१० सालची पेट्रोल स्विफ्ट, मागच्या वर्षी सेकंडहँड घेतलेली. रेडिएटरचा वरचा होज पाइप टोकाशी फुगून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रावण) पाझरायला लागलं, म्हणून दुकानातून नवा आणलात. इंजिनच्या बाजूला तो जातो, रेडिएटरच्या बाजूला मात्र ज्या नळीवर चढवायचा तिच्या तोंडाच्या उंच कडेपाशी, म्हणजे कंगोऱ्यापाशी, अडतो. जोर लावून अर्धा चढवलात तर मधला बाक दुमडला. दुकानदार म्हणतो, "पाइप स्विफ्ट पेट्रोलचाच आहे, ग्रीस लावा आणि ठोका, बसेल."

ठोकू नका. आणि ग्रीस तर मुळीच लावू नका.

हे काळं रबर साधं नसतं. ईपीडीएम जातीचं हे रबर उष्णता, वाफ आणि कूलंटमधलं ग्लायकॉल वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेलाशी त्याचं जमत नाही. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यातलं काहीही लागलं की ते तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. ग्रीस लावल्यावर पाइप सर्रकन चढतो, तेवढ्यापुरतं बरं वाटतं. पुढे पाइप नळीवर आवळून धरणाऱ्या क्लिपखालचं रबर ढिलं पडत जातं, क्लिप त्यात रुतत जाते. माझ्याकडे एका शिकाऊ पोराने असाच एक पाइप बसवला होता. सहा महिन्यांनी गाडी परत आली. क्लिप सोडली तर तिच्या पट्टीच्या खाचा रबरात कोरल्यासारख्या उमटलेल्या, आणि बोट लावलं की काळं लागत होतं. त्या दिवसापासून होजचं काम चालू असताना ग्रीसचा डबा फळीवरून खाली येत नाही. तुम्ही ग्रीस लावून बसला असाल तर पाइप आतून-बाहेरून भांड्यांच्या साबणाच्या पाण्याने धुवा, नळीही पुसून घ्या. एक-दोन तासांचा संपर्क असेल तर पाइप वाया जात नाही.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोन तक्रारी एकत्र सांगितल्यात, आणि त्या एकत्र आहेत हेच मला महत्त्वाचं वाटतं. टोक घट्ट जातंय ही एक, बाक चुकीच्या जागी येतोय ही दुसरी. नुसतं टोक घट्ट असतं तर मी म्हटलं असतं, नळीवर घाण साचली आहे, घासून काढा. नुसता बाक चुकत असता तर म्हटलं असतं, पाइप थोडा फिरवून बसवा. दोन्ही एकदम होतंय म्हणजे बहुधा तिनांपैकी एक गोष्ट आहे. पाइप उलटा धरलाय, पाइप दुसऱ्या इंजिनाचा आहे, किंवा तुमच्या गाडीत बसवलेला रेडिएटरच मूळचा नाही. गाडी सेकंडहँड आहे, त्यामुळे ही तिसरी शक्यता बाजूला टाकू नका.

पहिली शंका दोन मिनिटांत फिटते. पाइप काढा आणि उलटा करून नुसता जागेवर धरून बघा. क्लिप लावू नका, चढवूही नका. जुना पाइप फेकला नसेल ना? तो शेजारी ठेवा. बऱ्याच गाड्यांच्या वरच्या पाइपची दोन टोकं दिसायला सारखी असली तरी एक टोक दोन-तीन मिलिमीटरने मोठं असतं आणि एका बाजूचा हात दुसऱ्यापेक्षा लांब असतो. मोठं टोक मोठ्या नळीवर जायला हवं. उलटं झालं तर एका बाजूला पाइप आरामात शिरतो, दुसरीकडे अडतो आणि बाक भलतीकडे तोंड करतो. तुम्ही वर्णन केलंय ते नेमकं असंच आहे, म्हणून हे आधी. पाइपवर पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा ठिपका किंवा रेघ आहे का तेही पाहा. ती खूण रेडिएटरच्या किंवा इंजिनच्या नळीवरच्या उंचवट्यासमोर आणायची असते. ती जुळली की बाक आपोआप आपल्या जागी येतो. बाजारातल्या लोकल पाइपवर ही खूण बहुतेक वेळा नसते. मग जुन्या पाइपवर क्लिपचे कान कुठे होते त्याचे वळ बघा आणि त्यावरून अंदाज घ्या.

बाक हाताने वळवून जुळवण्याच्या फंदात पडू नका. हे पाइप बनतातच वाकड्या आकाराचे. कच्च्या रबराची सरळ नळी, मधे धाग्याची वीण, ती वाकवलेल्या लोखंडी दांड्यावर चढवतात आणि वाफेत शिजवतात. शिजून बाहेर आली की तो आकार रबराच्या अंगात मुरतो. त्याला दुसरीकडे ओढलंत तर तो तिथे राहत नाही, सतत मागे खेचत राहतो, आणि सगळा ताण रेडिएटरच्या प्लॅस्टिक नळीवर येतो. ती काच-तंतू मिसळलेल्या नायलॉनची असते. नवी असताना दणकट, पण दहा-पंधरा वर्षं उकळत्या पाण्यात काढल्यावर बिस्किटासारखी ठिसूळ होते. दुमडलेल्या बाकाचा आणखी एक तोटा म्हणजे पाण्याचा रस्ता तिथेच अरुंद होतो. सपाट रस्त्यावर ते कळत नाही. चढावर एसी लावून गाडी चालवली की मग कळतं.

उलटा करूनही जमलं नाही, तर दुसऱ्या शंकेकडे या. तुमच्या गाडीचं सालच गोंधळाचं आहे. स्विफ्ट आपल्याकडे २००५ मध्ये आली ती १२९८ सीसीचं पेट्रोल इंजिन घेऊन. २००७ मध्ये तिला १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मिळालं. आणि २०१० मध्ये पेट्रोलचं इंजिन बदललं, १२९८ जाऊन ११९७ सीसीचं के-सिरीज इंजिन आलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत गाड्यांच्या धुराचे भारत स्टेज ४ नियम लागू झाले होते. बाहेरून गाडी तीच, बॉडी तीच, डिकीवर नाव तेच. बॉनेटखालचं इंजिन मात्र पूर्ण वेगळ्या घराण्यातलं. त्यामुळे "२०१० स्विफ्ट पेट्रोल, वरचा पाइप" एवढंच सांगितलंत तर दुकानदार दोन्हींपैकी कुठलाही देऊ शकतो, आणि त्याच्या दृष्टीने तो खोटंही बोलत नाही. नोंदणीचं साल २०१० आणि बनावट २००९ ची, अशाही गाड्या असतात. डिसेंबरमध्ये तयार झालेली गाडी जानेवारी-फेब्रुवारीत नोंदली गेली की आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, नवं साल दिसतं.

म्हणून आरसी काढा. त्यावर घनक्षमता लिहिलेली असते, ११९७ किंवा १२९८. सालापेक्षा तो आकडा जास्त खरा. मग चासी नंबर, १७ अक्षर-आकड्यांचा. तुमच्या गाडीचा एमए३ ने सुरू होईल. कंपनीच्या सुट्या भागांच्या काउंटरवर हा नंबर दिलात की तुमच्याच गाडीचा पार्ट नंबर निघतो. मग पाइप त्यांच्याकडून घ्या किंवा पार्ट नंबर घेऊन बाहेरच्या दुकानात जा, पण नंबर हातात असू द्या. आमच्याकडे पुण्याच्या नाना पेठेतून माल येतो. तिथे रांगेने सुट्या भागांची दुकानं आहेत आणि नंबर सांगितला की माणूस पोटमाळ्यावरून नेमकी वस्तू काढून आणतो. नंबर नसला की मग "हा बसतो का बघा, नाहीतर परत आणा" सुरू होतं. नाना पेठेतून परत येऊन पुन्हा जायचं म्हणजे आख्खा दिवस जातो.

जुन्या पाइपवर छापलेला नंबर वाचता आला तर सोन्याहून पिवळं. ओल्या फडक्याने पुसा, मग खडू घासा. अक्षरं उठून दिसतात. पण एक सांगतो, जुन्या पाइपच्या टोकाचं माप घेऊन नवा आणू नका. पंधरा वर्षं क्लिपखाली दबलेलं टोक पसरलेलं असतं, फुगलेलं असतं, कधी दाबून लांबट गोल झालेलं असतं. तुमचा तर टोकाशीच फुगलाय. माप घ्यायचं ते नळीचं.

व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायची सरकती पट्टी, असेल तर उत्तम. नसेल तर शिवणाचा दोरा घ्या. कंगोऱ्याच्या मागे, जिथे पाइप खरा बसून राहतो तिथे एक वेढा द्या, दोरा जिथे जुळतो तिथे पेनाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. १०० मिलिमीटर भरला तर नळी ३२ मिलिमीटर व्यासाची. ११० भरला तर ३५ ची. ११९-१२० भरला तर ३८ ची. दोन्ही नळ्या मोजा, इंजिनची वेगळी, रेडिएटरची वेगळी, आणि कागदावर लिहून ठेवा. पाइपचं आतलं माप नळीच्या बाहेरच्या मापाइतकं किंवा अर्धा-एक मिलिमीटर कमी असावं. कंगोरा दोन-तीन मिलिमीटर मोठा असतो, त्यावरून रबर ताणून जातं आणि मागे जाऊन आवळतं. ते अपेक्षितच आहे, त्याला घाबरू नका. पण ३२ चा पाइप ३५ च्या नळीवर चढवायला गेलात तर कंगोऱ्यावर त्याला ३७-३८ पर्यंत ताणावं लागेल. तुम्हाला तिथे जी भिंत लागल्यासारखी वाटली, ती बहुधा हीच.

मापाआधी नळी साफ असायला हवी, नाहीतर दोरा खोटं सांगतो. इंजिनच्या बाजूची नळी ॲल्युमिनियमची असते. नुसतं साधं पाणी घालून चालवलेल्या गाडीत त्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी चढते. सुरुवातीला पिठासारखी असते, नखाने निघते. पुढे तिचे खडे होतात, अगदी तव्यावर करपलेल्या मिठासारखे. जुन्या पाइपच्या आतल्या बाजूला त्या खड्यांचे खळगे पडलेले दिसतात. मी एकदा अशी नळी मोजली होती. घासायच्या आधी व्हर्निअरने ३३.४ दाखवलं, घासल्यावर ३१.९. दीड मिलिमीटर नुसता गंज! त्या गाडीवाल्याने दोन दुकानांतून दोन पाइप आणून परत केले होते आणि दोन्ही बरोबर होते.

घासायला चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घ्या. नळीभोवती गोल फिरवत घासा, लांबीच्या दिशेने नाही. लांबीच्या दिशेने पडलेला ओरखडा म्हणजे पाण्याला बाहेर यायला बनवलेली वाट. आधी नळीच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबा, भुकटी आत जाऊ देऊ नका, आणि काम झाल्यावर तो काढायला विसरू नका. रेडिएटरच्या प्लॅस्टिक नळीवर पॉलिश पेपर नको. तिथे जुन्या रबराचं चिकटलेलं पापुद्रं असतं, ते नखाने किंवा लाकडी पट्टीने खरवडा. जुना पाइप निघत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. पाइपला लांबीत ब्लेडने चीर द्या आणि केळ्याच्या सालीसारखा सोला. ब्लेड नळीपर्यंत पोचवायचं नाही. रबर जवळपास चिरलं की उरलेलं हाताने फाटतं.

साफ करून मोजलं, इंजिनची नळी कंपनीच्या पाइपशी जुळली आणि रेडिएटरची मात्र जुळत नाही, असं निघालं तर रेडिएटर बदललेला आहे. सेकंडहँड गाडीत हे नेहमी होतं. समोरून ठोकलेली गाडी दुरुस्त करताना स्वस्तात मिळेल तो रेडिएटर टाकतात, कधी दुसऱ्या इंजिनाचा, कधी दुसऱ्याच गाडीचा, आणि मग पाइप कापून, जोडून, दोन क्लिप मारून भागवतात. मागच्या पावसाळ्यात एक गाडी आली होती, तिच्या वरच्या पाइपमध्ये मधोमध नळाच्या लोखंडी जीआय पाइपचा तुकडा घालून दोन मापांचे पाइप जोडलेले. मालकाला त्याची कल्पनाच नव्हती, त्याने गाडी तशीच घेतली होती. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाळीवर लेबल किंवा कोरलेला नंबर असतो, तो बघा. पुढच्या पत्र्याचे बोल्ट खोललेले दिसतात का, रंग वेगळा आहे का, हेही डोळ्यांखालून घाला. रेडिएटर दुसरा निघाला तर सरळ उपाय म्हणजे तुमच्या इंजिनाचा रेडिएटर टाकणं. खर्च आहे, मला माहीत आहे. पण दुसऱ्या इंजिनाच्या रेडिएटरची पाणी थंड करण्याची ताकद वेगळी असते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात ते जाणवतं. लगेच शक्य नसेल तर दोन टोकांना दोन वेगळ्या मापांचा तयार पाइप मिळतो, तो दोन्ही मापं दाखवून शोधा. वळ्या-वळ्यांचा, कसाही वाकणारा सरळ पाइप दुकानदार सुचवेल. रस्त्यात अडकलात तर घरी येण्यापुरता चालेल. कायमचा नको. त्याच्या वळ्यांत पाणी अडखळतं, आणि टोकाला रबर जाड असल्याने क्लिप नीट धरत नाही.

एक कमी भेटणारं पण भेटणारं कारण असं की माप बरोबर, पाइप बरोबर, तरी दोन-तीन सेंटिमीटर कमी पडतो किंवा पंख्याला टेकतो. अशा वेळी इंजिनाचं माउंटिंग, म्हणजे ते ज्या रबरी आधारावर टेकतं तो, बघा. रबर बसलं की इंजिन एका बाजूला झुकतं आणि त्याची नळी जागा सोडते. किंवा रेडिएटरचे खालचे रबरी कुशन खाचेत न बसता शेजारी बसलेले असतात, त्यामुळे अख्खा रेडिएटर वर उचलला जातो. रेडिएटर दोन हातांनी धरून हलवून बघा. किंचित हलला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. पाइप आणि पंखा, पाइप आणि बेल्ट यांच्यात निदान दोन बोटं अंतर हवं. इंजिन सुरू होताना आणि गिअर टाकताना ते हलतं, हे लक्षात ठेवून.

बरोबर पाइप हातात आल्यावर बसवणं अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड असू द्या, सकाळी करा. क्लिपा आधी पाइपवर चढवून मागे सरकवून ठेवा, नंतर आठवण झाली तर सगळं परत काढावं लागतं. पाइपचं टोक दोन-तीन मिनिटं कढत पाण्यात बुडवा. रबर मऊ होतं आणि कंगोरा सहज गिळतं. नळीवर साबणाचं पाणी किंवा नुसतं कूलंट लावा. मी कूलंटच लावतो, आत काही वेगळं जात नाही. आधी इंजिनचं टोक, मग रेडिएटरचं, कारण प्लॅस्टिक नळीवर कमीत कमी वेळ ओढाताण व्हावी. चढवताना उजवीकडे-डावीकडे थोडं थोडं फिरवत ढकला. पाइप नळीवर पंचवीस-तीस मिलिमीटर आत गेला पाहिजे, किंवा नळीवर अडवणारी कड असेल तर तिला टेकला पाहिजे. लोकल पाइपचं सरळ टोक कधीकधी एखादा सेंटिमीटर लांब येतं. तेवढं धारदार ब्लेडने काटकोनात कापायला हरकत नाही. बाकाजवळ मात्र कापू नका.

क्लिपविषयी जरा जास्त बोलतो, कारण मी पाहिलेल्या सुटलेल्या पाइपांपैकी बहुतेक क्लिपमुळे सुटले. क्लिप कंगोऱ्याच्या मागे हवी, कंगोऱ्यावर नाही आणि अगदी टोकालाही नाही. कंगोरा आणि पाइपची कड यांच्यामध्ये, कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत. कंगोऱ्यावर आवळलेली क्लिप घट्ट दिसते, पण ती पाइपला नळीवरून निसटायला मदत करते.

रेडिएटरच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो आतल्या दाबाचा. ०.९ बारवर पाणी शंभरला न उकळता ११८-११९ अंशांपर्यंत टिकतं, त्यासाठीच तो दाब ठेवलेला असतो. पण तोच दाब ३२ मिलिमीटरच्या पाइपच्या तोंडावर सात किलोहून जास्त जोराने बाहेर ढकलत असतो, चढ असेपर्यंत सतत. आमचं गॅरेज खंबाटकीच्या अलीकडे, शिरवळच्या बाजूला आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या इथूनच घाट चढतात. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाची गाडी ओढून आणली. आदल्या दिवशीच कुठेतरी वरचा पाइप बदलला होता, क्लिप बरोबर कंगोऱ्यावर. तिसऱ्या वळणाला पाइप निघाला, सगळं पाणी गेलं. गाडी चालवणाऱ्याने काट्याकडे लक्ष ठेवलं होतं, काटा खालीच होता. बिचाऱ्याची चूक नव्हती. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असेल तरच खरं सांगतो. पाणी गेलं आणि तो कोरडा पडला की काटा खाली राहतो, आणि इकडे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तापून वाकतं. त्या गाडीचं हेड वाकलं, त्याखालचं गळती रोखणारं गॅस्केट गेलं, आणि गाडीत मागे एक आजी आणि दोन लहान मुलं दुपारच्या उन्हात रस्त्याच्या कडेला बसली होती. पाचशे रुपयांच्या आतल्या पाइपसाठी.

मूळची स्प्रिंगची क्लिप शाबूत असेल तर तीच वापरा. रबर गरम होऊन फुगतं आणि थंड होऊन आकसतं, त्याच्याबरोबर ती क्लिप आपला दाब सांभाळते. पकडीने तिचे कान दाबताना तोंड बाजूला ठेवा, ती निसटली तर डोळ्यालाच लागते. ती गंजली असेल किंवा हाताने सहज फिरत असेल तर स्क्रूची क्लिप लावा. पट्टीवर माप छापलेलं असतं. पाइप ३२ चा असेल तर त्याचं बाहेरचं माप साधारण ४०-४१ येईल, त्याला ३२-५० ची क्लिप बरोबर. फार मोठी क्लिप घेऊ नका, आवळताना ती गोल राहत नाही. स्क्रू वरच्या बाजूला किंवा हात पोचेल असा ठेवा. रबर पट्टीच्या कडेने किंचित वर आलं की थांबा. खाचांतून रबर बाहेर डोकवायला लागलं तर तुम्ही जास्त आवळलंय, आणि प्लॅस्टिक नळीचं तुम्ही नुकसान करताय.

पाणी भरताना नळाचं किंवा बोअरचं नको. तयार मिसळलेलं कूलंट घ्या, किंवा घट्ट कूलंट आणि बॅटरीत घालतो तसं शुद्ध पाणी निम्मं-निम्मं. सावकाश भरा, मधे मधे वरचा पाइप हाताने दाबा, बुडबुडे येतात ते येऊ द्या. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवा. टोपण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा आणि तसंच चालू द्या. वरचा पाइप बराच वेळ गारच लागेल, मग एकदम गरम लागायला लागेल. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरचा रस्ता मोकळा करणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडतो, ही त्याची खूण. त्या वेळी पातळी खाली जाते, पुन्हा भरा आणि टोपण लावा. एकदा लावल्यावर इंजिन गार होईपर्यंत ते परत उघडायचं नाही, कितीही शंका आली तरी. पंखा दोनदा सुरू होऊन बंद होऊ द्या, क्लिपांखाली कोरडं फडकं फिरवून बघा.

हे सगळं करताना खालचा पाइपही दाबून बघा, विशेषतः क्लिपच्या मागची दोन इंच जागा. मधल्या भागापेक्षा ती जास्त मऊ लागली किंवा दाबताना आत करकर जाणवली तर तो आतून चिरतोय. वरचा आणि खालचा पाइप एकाच वयाचे असतात. खालच्या पाइपात काही गाड्यांना आतून तारेची स्प्रिंग असते. पंप पाणी ओढतो तेव्हा पाइप आत चपटा होऊ नये म्हणून. जुन्यात ती असेल तर नव्यातही असली पाहिजे, दुकानातच आत डोकावून बघून घ्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, कूलंटच्या टाकीतली पातळी बघा आणि स्क्रूच्या क्लिपांना अर्धी फेरी लागते का तपासा. नवं रबर एक-दोनदा तापल्यावर थोडं बसतं. तोपर्यंत घाट टाळा. आणि त्याआधी दोऱ्याची दोन्ही मापं आणि आरसीवरचा सीसीचा आकडा मला कळवा. पाइप उलटा करून काय झालं तेही लिहा, म्हणजे नवा पाइप आणायचा की रेडिएटरकडे बघायचं ते नक्की सांगता येईल.